शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती : अजिंठ्याचे चित्र आणि मराठवाड्याचे लाकूड

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती आणि दिवाणखान्यात ठेवायचे शोभेचे जहाज या दोन वस्तू दुरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांच्यामागचा विचार अगदी वेगळा असतो. शोभेच्या जहाजात आकाराचा भास पुरेसा असतो. लाकडाच्या ठोकळ्याला टोक काढले, तीन काड्या रोवल्या आणि त्यांना कापडाचे तुकडे बांधले की काम भागते. प्रतिकृतीत मात्र मूळ जहाजाचा प्रत्येक भाग ठरलेल्या प्रमाणात लहान करून नेमक्या जागी बसवावा लागतो, आणि कसोशीने काम करणारे कारागीर तर याहून पुढे जाऊन असा आग्रह धरतात की मूळ जहाज ज्या क्रमाने बांधले गेले त्याच क्रमाने प्रतिकृतीही बांधली जावी. या आग्रहातच या कलेचे खरे ज्ञानमूल्य आहे, कारण बांधणीचा क्रम पाळू लागताच चित्रात किंवा वर्णनात न दिसणारे प्रश्न एकामागून एक समोर येतात आणि त्या प्रत्येकाला लाकडातच उत्तर द्यावे लागते.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचे नाव अशा विषयात सहसा निघत नाही. पश्चिम किनारा लातूरपासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, नांदेडपासून त्याहूनही दूर, आणि नांदेडला वळसा घालून जाणारी गोदावरी समुद्रगामी जहाजे वाहून नेणारी नदी नव्हे. तरीही मराठवाड्याचा समुद्राशी संबंध नव्हता असे म्हणता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नोंद आहे; तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर, जिथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. ज्या सातवाहनांची राजधानी पैठणला होती, त्यांच्या यज्ञश्री सातकर्णी या राजाच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. पुढे राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे अभ्यासक मानतात. त्याच राजवंशाच्या काळातील, इ.स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटावरून असे दिसते की उत्तर कोकणातील संजाणचा कारभार मधुमती या नावाने उल्लेखलेल्या एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवलेला होता.

परंतु प्रतिकृती बांधणाऱ्याच्या दृष्टीने मराठवाड्याचा सर्वांत मोलाचा ठेवा अजिंठ्याला आहे. लेणे क्रमांक २ मधील भित्तिचित्रात एक समुद्रगामी जहाज रंगवलेले असून प्राचीन भारतीय जहाजाचे इतके तपशीलवार चित्र क्वचितच आढळते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे जहाज जगभरच्या नौकाभ्यासकांच्या परिचयाचे झाले. नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा निमुळता भाग, आणि पिछाडी ही दोन्ही टोके उंच उचललेली आहेत. एका ओळीत तीन डोलकाठ्या उभ्या असून प्रत्येकीवर उंच, आयताकृती शीड आहे. नाळेपुढे आणखी एक चौकोनी शीड वाऱ्याने फुगलेले आहे. नाळेवर डोळा काढलेला आहे. पिछाडीच्या बाजूला सुकाणूचे काम करणारी वल्ही आहेत आणि छताखाली मोठमोठे रांजण मांडलेले दिसतात. चित्रकाराने जहाज जवळून पाहिलेले असावे असे मानायला हे तपशील पुरेसे आहेत.

मात्र चित्रकाराला जे सांगायचे होते ते कथेसाठी होते, सुतारासाठी नव्हे. जहाजाचा पाण्याखालचा भाग चित्रात नाही. फळ्यांची रुंदी कळत नाही, त्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या हे दिसत नाही, आणि माणसांच्या आकृती जहाजाच्या मानाने मोठ्या काढलेल्या असल्यामुळे त्यांच्यावरून लांबीचा अंदाज बांधणेही धोक्याचे ठरते. भिंतीवरचे हे सपाट जहाज त्रिमितीत आणायचे तर त्याची रुंदी, खोली आणि वजन यांची उत्तरे चित्राबाहेर शोधावी लागतात.

हे काम अलीकडेच प्रत्यक्ष समुद्रात तरंगणाऱ्या जहाजाच्या रूपाने झाले आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ ही संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. अजिंठ्याच्या चित्रावर आधारलेल्या, पाचव्या शतकातील पद्धतीच्या जहाजाची बांधणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाली. केरळचे पारंपरिक कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या गेल्या. आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. जुना आराखडा उपलब्ध नसल्यामुळे नौदलाच्या तज्ज्ञांना केवळ चित्रावरून जहाजाची भूमिती ठरवावी लागली, आणि ती पाण्यात कशी वागेल हे पाहण्यासाठी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर चाचण्या घेण्यात आल्या. डिसेंबर २०२५ मध्ये हे जहाज पोरबंदरहून निघाले आणि पुढच्या महिन्यात ओमानच्या मस्कत बंदरात पोचले. म्हणजे मराठवाड्यातील एका भिंतीवरून अरबी समुद्रापर्यंतचा जो रस्ता या जहाजाने कापला त्याच्या मधोमध एक लहानशी प्रतिकृती उभी होती.

प्रतिकृतीच्या बांधणीत सर्वांत निर्णायक प्रश्न असा की आधी सांगाडा की आधी कवच. युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून जी पद्धत रूढ होत गेली तिच्यात प्रथम पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाशी आडवा असणारा मुख्य कणा, ठेवला जातो. मग त्यावर वाक, म्हणजे बरगड्यांसारखे वक्र लाकूड, उभे केले जातात. आणि शेवटी त्यांच्यावर फळ्या ठोकल्या जातात. आकार वाक ठरवतात, फळ्या तो आकार झाकतात. शिवलेल्या जहाजात क्रम उलटा असतो. पठाणाला पहिली फळी शिवायची, तिच्या कडेला दुसरी, दुसरीला तिसरी असे करत आधी संपूर्ण कवच उभे करायचे आणि मग त्याच्या आत, त्याच्या वळणाला जुळतील असे घडवून वाक बसवायचे; येथे आकार फळ्यांच्या कडा ठरवतात आणि वाक त्याला केवळ आधार देतात. बाजारात मिळणारे प्रतिकृतींचे बहुतेक संच पहिल्या क्रमावर आधारलेले असतात, कारण कापलेल्या आडव्या तक्त्यांवर पट्ट्या चिकटवणे सोपे जाते. त्या रीतीने अजिंठ्याचे जहाज बांधले तर ते बाहेरून हुबेहूब दिसेल, पण त्याने जे सांगायला हवे होते नेमके तेच लपवले जाईल. कवच आधी उभे करणे अवघड आहे, प्रत्येक फळीची कड चुकली की पुढची सगळी वळणे बिघडतात, तरी या जहाजापुरता दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

ज्या जहाजांचे आराखडे शिल्लक आहेत त्यांच्या बाबतीत प्रतिकृतिकाराचे काम वेगळे असते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिचे आराखडे ‘जावा’ या जहाजाबरोबर मुंबईला पाठवले होते, ते जहाज १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाल्यामुळे पुन्हा नकला पाठवाव्या लागल्या. अशा नौकेच्या प्रतिकृतीला चिकाटी लागते, तर्क फारसा लागत नाही. मराठा आरमारातील गुराब ही युद्धनौका या दोन टोकांच्या मधली आहे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी तिचे बारकाईने वर्णन केले आहे: तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि दोन डोलकाठ्यांची १५० टनांची, लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, पुढे लांबवर काढलेल्या नाळेची आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफांची. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांपुढे जाणारे, आणि चाळीस ते पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वर्णन इतके स्पष्ट असूनही त्यावरून दोन कारागिरांनी केलेल्या दोन गुराबी एकसारख्या होणार नाहीत, कारण ‘रुंद’ म्हणजे किती हे ठरवणे शेवटी त्यांच्या हातात राहते.

प्रमाण ठरवणे ही यानंतरची पायरी होय. ‘कौंडिण्य’ची लांबी सुमारे २० मीटर आहे, १:५० प्रमाण घेतल्यास, म्हणजे मूळच्या ५० सेंटिमीटरला प्रतिकृतीचा १ सेंटिमीटर मानल्यास, प्रतिकृती ४० सेंटिमीटर लांबीची होते आणि घरातील साध्या टेबलावर मावते. परंतु लांबी पन्नास पटींनी कमी होते तेव्हा शिडाचे क्षेत्रफळ २,५०० पटींनी आणि आकारमान १,२५,००० पटींनी कमी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मूळ जहाजाचे वजन ५० टन धरले तर पाण्यात योग्य रेषेपर्यंत बुडणाऱ्या प्रतिकृतीचे वजन अवघे ४०० ग्रॅम भरायला हवे. एवढ्या वजनात पठाण, फळ्या, वाक, डोलकाठ्या, शिडे, दोर आणि तळाशी ठेवायचे भारवजन सगळे बसवायचे असल्यामुळे लाकडाची जाडी मनाला येईल तशी धरता येत नाही.

लाकडाच्या निवडीत नांदेड जिल्हा भाग्यवान आहे. किनवट आणि माहूर तालुक्यांत पैनगंगेच्या खोऱ्यालगत सागाची जंगले आहेत, आणि नांदेड-लातूरच्या सुतारांकडे चौकटी व दारे करताना उरणारे सागवानाचे तुकडे अशा प्रतिकृतीच्या पठाणाला आणि वाकांना सहज पुरतात. सागवान तेलकट असते, ते किडीला दाद देत नाही, ओल-कोरड्याने फार फुगत वा आकसत नाही, म्हणूनच मुंबईच्या गोदीत त्याला मान होता. पण मूळ जहाजासाठी उत्तम असलेले लाकूड प्रतिकृतीसाठीही उत्तम असेल असे नाही, आणि हौशी कारागिरांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. सागवानाच्या वाढीच्या वलयातील मोठ्या नलिका जवळपास ०.३ मिलिमीटर व्यासाच्या असतात. १:५० प्रमाणात ही सूक्ष्म छिद्रे मूळ जहाजावरच्या दीड सेंटिमीटरच्या भोकांसारखी दिसू लागतात आणि ४ मिलिमीटर रुंदीच्या फळीवर तर तिचा सारा पोत विसंगत वाटतो. बाहेरून दिसणाऱ्या फळ्यांसाठी म्हणून बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड हवे. सागाच्या वनात सोबतीने वाढणाऱ्या हेदूचे, ज्याला हळदू असेही म्हणतात, पिवळसर लाकूड त्या कसोटीला उतरते. कंगवे आणि कोरीवकाम यांसाठी ते पूर्वापार वापरले गेले आहे. नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणातील निर्मळ गावी पोनिकी या अतिशय हलक्या लाकडाची खेळणी घडवली जातात. हे लाकूड फळ्यांना मऊ पडते, परंतु प्रत्यक्ष बांधणीआधी जहाजाच्या निम्म्या अंगाचा कच्चा नमुना कोरून त्याची वळणे हाताने चाचपून पाहायला त्याच्याइतके सोयीचे लाकूड शोधूनही सापडणार नाही.

हवामानाकडे दुर्लक्ष केल्यास मात्र उत्तम लाकूडही दगा देते. लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते आणि तसे करताना ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांवर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तर ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल धरते; त्यामुळे भर उन्हाळ्यात घट्ट बसवलेल्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना रेटून उचलल्या जातात आणि पावसाळ्यात बसवलेल्या फळ्यांच्या सांध्यांत उन्हाळ्यात फटी पडतात. लाकडाच्या पट्ट्या चिरून काही महिने घरातच हवेशीर जागी रचून ठेवणे, फळ्या बसवण्याचे काम दिवाळीनंतरच्या मध्यम कोरड्या दिवसांत करणे आणि पूर्ण झालेल्या कवचाला आतून-बाहेरून चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पातळ हात देणे हाच त्यावरचा उपाय आहे. आतली बाजू कोरी ठेवली तर फळी एकाच अंगाने ओल घेते आणि वाकडी होते.

फळ्यांचे काम म्हणजे या कलेचा गाभा. जहाजाचे अंग मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असल्यामुळे सर्वत्र सारख्या रुंदीच्या पट्ट्या त्यावर बसतच नाहीत. समजा, प्रतिकृतीच्या मध्यभागी पठाणापासून काठापर्यंतचे अंतर पृष्ठभागावरून मोजल्यास ४८ मिलिमीटर भरते आणि नाळेपाशी ३० मिलिमीटर. एका बाजूला बारा फळ्या बसवायच्या असतील तर प्रत्येक फळी मध्ये ४ मिलिमीटर आणि टोकाला अडीच मिलिमीटर रुंद ठेवावी लागेल. ही उतरती रुंदी छोट्या रंध्याने आणि कानशीने साधली जाते, आणि फळीची कड सरळ नसून सूक्ष्म बाकाची असते हे पहिली फळी बसवताच कळून येते. वळणासाठी पट्टी गरम पाण्यात भिजवून किंवा वाफ देऊन साच्याला बांधून ठेवतात. उष्णतेने आणि ओलीने लाकडातील तंतूंना जोडून ठेवणारे द्रव्य मऊ पडते, तंतू एकमेकांवर किंचित सरकतात आणि थंड होताना त्याच जागी पक्के होतात. मूळ जहाजाच्या जाड फळ्यांनाही वाफेनेच वळवले जाते.

यानंतर शिवण. मूळ जहाजात फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोके पाडून, सांध्यावर काथ्याची गादी ठेवून दोरी ओवून आवळली जाते आणि भोके नैसर्गिक राळेने बुजवली जातात. भोके १० सेंटिमीटर अंतरावर आहेत असे धरले तर १:५० प्रमाणात ती २ मिलिमीटरवर येतात; ४० सेंटिमीटर लांबीच्या एका सांध्याला दोन्ही कडा मिळून ४०० भोके, आणि दोन्ही बाजूंचे चोवीस सांधे धरले तर ढोबळमानाने ९,६०० भोके होतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक गिरमिटाने ती पाडताना पातळ फळी तंतूंच्या रेषेत चिरण्याचा धोका सतत असतो, म्हणून एका कडेची भोके एका सरळ ओळीत न घेता किंचित पुढेमागे घेणे शहाणपणाचे. खिळे मारलेले अंग ताठ असते, शिवलेले अंग लाटेबरोबर किंचित लवते आणि आदळआपट सोसते, असे शिवलेल्या नौकांविषयी सांगितले जाते. शिवण पूर्ण झालेली प्रतिकृती हातात धरून हलके पिळून पाहिली तर हा गुण बोटांना प्रत्यक्ष जाणवतो, आणि हे ज्ञान कोणत्याही चित्रातून मिळण्यासारखे नाही.

डोलकाठ्या, शिडे आणि दोर यांत मराठवाड्याच्या शेतातील वस्तू उपयोगी पडतात. काथ्याचे तंतू या प्रमाणाला फार जाड आणि ताठ असतात. त्यापेक्षा अंबाडीच्या वाखाचे विंचरलेले बारीक तंतू पीळ देऊन वापरले तर दोराचा रंग आणि पोत अधिक जुळतो. मूळचा ५ सेंटिमीटर जाडीचा दोर येथे १ मिलिमीटरचा होतो, आणि तीन पदर एका दिशेने पिळून मग तिन्ही मिळून उलट दिशेने पिळले तरच तो उकलत नाही. खऱ्या दोराचे तंत्रही हेच आहे. शिडासाठी कापूसपट्ट्यातील या जिल्ह्यांत सुती कापडाची वाण नाही, पण साध्या मांजरपाटाचे ताणेबाणे या प्रमाणात गोणपाटासारखे दिसतील, म्हणून मिळेल तितकी तलम मलमल घेऊन चहाच्या पाण्यात फिकी रंगवणे बरे. परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो आडवा दांडा, कोणत्या दोराने वर चढतो आणि वारा बदलल्यावर कसा फिरतो हे अजिंठ्याच्या चित्रावरून पूर्णपणे उलगडत नाही; तेथे कारागिराने प्रत्येक दोर खरोखर ओढून पाहावा आणि ज्याने काही काम होत नाही तो काढून टाकावा.

अशी प्रतिकृती नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयात सोडली तर ती तरंगेल, पण शिडे उभारल्यावर बहुधा कलंडेल, आणि त्यात कारागिराचा दोष नसेल. वाऱ्याचा वेग तोच राहिला तर जहाज कलंडवणारा जोर लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो, तर त्याला पुन्हा सरळ करणारा जोर चौथ्या घाताने घटतो; म्हणजे १:५० प्रमाणात प्रतिकृती मूळ जहाजाच्या पन्नासपट नाजूक होते. पाण्यात चालवायच्या प्रतिकृतींना त्यासाठी तळाखाली खोलवर शिशाचा भार लावतात, जो मूळ जहाजात नसतो. प्रयोगशाळेतील चाचणीत वेगही प्रमाणानुसार बदलावा लागतो: विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात दाखवून दिल्याप्रमाणे लाटांचा आकार जुळायचा असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा लागतो, त्यामुळे ५० पट लहान प्रतिकृती मूळ वेगाच्या सुमारे एक सप्तमांश वेगाने ओढली जाते.

सतराव्या शतकातील इंग्लंडच्या नौदलाच्या प्रसिद्ध प्रतिकृतींमध्ये, ज्या बहुतेक १:४८ प्रमाणात बांधल्या जात, तळाकडच्या फळ्या मुद्दाम बसवल्या जात नसत, जेणेकरून आतील बरगड्यांची रचना पाहणाऱ्याला दिसावी. शिवलेल्या जहाजात मात्र पाहण्याजोगे ते कवचच असल्यामुळे येथे उलट करणे योग्य ठरते: फळ्या सगळ्या बसवाव्यात, परंतु पुढच्या निम्म्या भागात वाक आणि तूतक, म्हणजे वरची फळ्यांची जमीन, बसवू नये, म्हणजे आतून शिवणीची ओळ पठाणापासून काठापर्यंत अखंड पाहता येते. पाण्याच्या रेषेवरचा आकार चित्रातून आला आणि रेषेखालचा तर्काने ठरवला, हे सांगण्यासाठी दोन्ही भागांना लाखेचा निरनिराळा हात देता येतो, आणि कोणती मापे कोठून घेतली याची नोंद पठाणाच्या बाजूला ठेवलेल्या पाटीवर करता येते.